मुंबई ते लंडन : तिकिटावरचे तास आणि दारापासूनचे तास

भावाने लंडनहून आई-बाबांची तिकिटं पाठवली. बाबांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रिंट काढून आणली, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं : मुंबईहून दुपारी १ वाजता, लंडनला संध्याकाळी साडेपाच, तारीख तीच. "साडेचार तास? मग पुण्याहून मुंबईला जायला लागतात तेवढेच की गं." परतीचा कागद वाचताना मात्र ते थांबले. लंडनहून रात्री ९ ला निघायचं आणि मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला उतरायचं. साडेचौदा तास. "जाताना सरळ नेतात आणि येताना फिरवून आणतात का?"

प्रश्न रास्त होता. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. वेळापत्रक हा त्यांच्या पोटापाण्याचा विषय, आणि वेळापत्रकात असा दहा तासांचा फरक दिसला तर तो कुठून आला हे विचारायलाच हवं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तेव्हा काढलेला हिशेब मी इथे सविस्तर मांडते आहे. मुलांकडे, नातवंडांकडे पहिल्यांदा लंडनला निघालेल्या अनेकांना तो उपयोगी पडेल. शहरं बदलली तरी रीत तीच राहते.

आधी घड्याळं एक करा

विमानाच्या तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. निघण्याची मुंबईच्या, पोचण्याची लंडनच्या. त्यामुळे दोन्ही वेळा एका घड्याळात आणल्याशिवाय वजाबाकी करायची नाही. मी म्हणेन, भारताचंच घड्याळ धरा, कारण आपलं घड्याळ वर्षभर एकसारखं चालतं.

हिवाळ्यात लंडन आपल्यामागे साडेपाच तास असतं. संध्याकाळचे साडेपाच अधिक साडेपाच तास, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ११. दुपारी १ ते रात्री ११, दहा तास. परतीला लंडनचे रात्रीचे ९ म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचे अडीच. अडीच ते सकाळी साडेअकरा, नऊ तास. साडेचार आणि साडेचौदा होते तिथे दहा आणि नऊ आले, आणि बाबांचा चेहरा खुलला. उरला तो एक तास. त्याचं कारण वाऱ्यात आहे, ते पुढे येईलच.

लंडनचं घड्याळ मात्र वर्षातून दोनदा हलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे येतं. २०२६ मध्ये हे दोन रविवार २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. या दोन तारखांच्या मधल्या काळात फरक साडेपाच नव्हे, साडेचार तासांचा असतो. विमान कंपन्यांची उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकंही याच सुमाराला बदलतात. म्हणून जानेवारीत काढलेलं तिकीट एप्रिलचं असेल, तर मार्चअखेरीला निघण्या-पोचण्याच्या वेळा पुन्हा एकदा बघून घ्या. त्या दोन रविवारांच्या आगेमागे प्रवास असेल तर नक्कीच बघा.

बाबांना यातली एक गोष्ट फार आवडली, म्हणून सांगते. मुंबईचं पूर्वी स्वतःचं घड्याळ होतं. 'बॉम्बे टाइम' ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे असे, आणि मुंबईच्या रेखांशाप्रमाणे सूर्याचा खरा हिशेबही तेवढाच येतो. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली तरी मुंबईतलं हे वेगळं घड्याळ १९५५ पर्यंत चालू राहिलं. ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनच्या पहिल्या फेरीला निघालं तेव्हाही मुंबईत 'बॉम्बे टाइम' वापरात होता. ते विमान कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत थांबत गेलं. आज तेच अंतर कुठेही न टेकता पार होतं.

अंतर मोजायचं ते गोलावर

हे अंतर किती? मुंबई विमानतळापासून लंडनच्या हीथ्रोपर्यंत हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. घरी मोजायचं असेल तर मुलांचा पृथ्वीगोल घ्या. एक दोरा मुंबईवर धरून लंडनपर्यंत ताणा आणि तो आपोआप जिथे बसेल तिथे बसू द्या. मग त्याच गोलाच्या विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळा. तो ४०,००० किलोमीटरचा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर विषुववृत्ताचा दोरा ९४ सेंटिमीटर भरतो आणि मुंबई-लंडनचा साधारण १७ सेंटिमीटर. त्रैराशिक मांडलं की उत्तर ७,२०० च्या आसपास येतं. आमच्याकडे गोल जुना होता, दोरा शिवणाचा होता, तरी उत्तर शंभर-दोनशे किलोमीटरच्या फरकाने जमलं. संगणकावर करायचं तर गूगल अर्थमधली मोजपट्टी हेच करते.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर काढू नका. सपाट नकाशा उत्तरेकडचे देश ताणून मोठे दाखवतो. नकाशावर सरळ आखलेली रेघ मुंबईहून इराणचं आखात, इराक-सीरिया-तुर्कस्तानचा पट्टा आणि बाल्कन देश अशी जाते. गोलावरचा दोरा मात्र कराचीच्या बाजूने बलुचिस्तान, इराण, अझरबैजान, क्रिमिया, युक्रेन, चेकिया, जर्मनी असा बसतो. लंडनच्या बाबतीत या दोन रेघांत जेमतेम दोनशे किलोमीटरचा फरक पडतो. न्यूयॉर्कला हाच फरक डोळे विस्फारायला लावणारा होतो. मुंबई-न्यूयॉर्क हे साडेबारा हजार किलोमीटरचं अंतर. तिथे दोरा सेंट पीटर्सबर्गजवळून, नॉर्वेच्या समुद्रावरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी जातो. अमेरिकेचं विमान उत्तरेकडे का वळतं, असं कुणी विचारलं तर दोरा हातात द्या.

मैलांबद्दल एक सावधगिरी. विमानाच्या कागदांत कधी जमिनीवरचा मैल असतो (१.६०९ किलोमीटर), तर कधी सागरी मैल (१.८५२ किलोमीटर). वैमानिक सागरी मैलात बोलतात. कुठेतरी ३,९०० आणि कुठेतरी ४,५०० असे आकडे दिसले तर गोंधळू नका. दोन्ही त्याच ७,२०० किलोमीटरचे आहेत.

दोरा जिथून जातो, तिथून विमान जाईलच असं नाही

वरच्या यादीतले देश पुन्हा वाचा. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. २०१९ मध्येही ती काही महिने बंद होती. १३ जून २०२५ ला पश्चिम आशियात युद्ध भडकलं आणि इराणचं आकाश अचानक बंद झालं. त्या दिवशी मुंबईहून लंडनला निघालेलं एक विमान काही तास उडून पुन्हा मुंबईतच उतरलं. त्यातल्या प्रवाशांच्या घरी किती फोन झाले असतील, याची कल्पना करवत नाही.

सांगायचं असं, की ७,२०० हा दोऱ्याचा आकडा झाला. प्रत्यक्षातलं विमान काहीशे किलोमीटर जास्त जातं. वळसा किती हे वैमानिकाच्या मर्जीवर नसतं. कोणत्या देशाचं आकाश उघडं आहे, कोणत्या उंचीवर जागा आहे आणि वारा कुठून वाहतो यावर ते ठरतं. एकाच दिवशी एकाच मार्गावरच्या भारतीय आणि परदेशी कंपन्यांच्या वेळांत फरक दिसतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. एकीला बंद असलेलं आकाश दुसरीला उघडं असू शकतं. तिकीट निवडताना दोन्हींचे तास शेजारी ठेवून बघा. साधा ठोकताळा असा : दर १०० किलोमीटर वळशाला सात मिनिटं.

मला विचाराल तर तिकीट काढण्यापूर्वी एक गोष्ट आवर्जून करा. विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरसारख्या ठिकाणी आपल्या विमानाचा क्रमांक टाका आणि गेल्या काही दिवसांत ते खरोखर किती वाजता सुटलं, किती वाजता टेकलं ते बघा. जाहिरातीतल्या तासांपेक्षा ही यादी जास्त खरं बोलते. बाबांना ती इतकी पटली की निघायच्या आदल्या दिवसापर्यंत ते रोज त्या वेळा एका वहीत टिपत होते.

जाताना उलटा वारा, येताना पाठीवर वारा

आता राहिलेला एक तास. विमान ज्या उंचीवरून जातं, म्हणजे दहा ते बारा किलोमीटरवर, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दोनशे किलोमीटरच्या वर त्यांचा वेग सहज जातो. उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची उष्ण हवा यांच्यातला फरक जितका मोठा तितका हा वारा जोरात. म्हणून तो हिवाळ्यात जास्त असतो. हिवाळ्यात त्याचा एक पट्टा उत्तर भारत आणि पश्चिम आशियावरून जातो आणि उन्हाळ्यात तो हिमालयाच्या उत्तरेला सरकतो.

विमान हवेच्या तुलनेत ताशी ९०० किलोमीटरने उडतं असं धरा. संपूर्ण वाटेवर सरासरी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर जमिनीवरचा वेग ८५० होतो आणि ७,२०० किलोमीटरला ८ तास २८ मिनिटं लागतात. तोच वारा पाठीवर असेल तर वेग ९५० आणि वेळ ७ तास ३५ मिनिटं. जवळजवळ एका तासाचा फरक नुसत्या वाऱ्याने पडला. होडी नदीच्या धारेला लागली की लवकर पोचते आणि धारेविरुद्ध वल्हवताना वेळ लागतो, हे कोकणात कुणाला सांगायला नको. सीटसमोरच्या पडद्यावर 'ग्राउंड स्पीड' दाखवतात. जाताना आणि परतताना तो आकडा टिपून घ्या. नातवंडांबरोबर असाल तर त्यांना टिपायला सांगा, वेळ छान जातो.

'सुटलं' म्हणजे नेमकं काय?

बाबांनी इथे अगदी त्यांच्या कामातला प्रश्न विचारला. "तिकिटावरची वेळ गाडी स्टँडवरून हलायची की फाटकाबाहेर पडायची?"

विमानाची वेळ स्टँडवरून हलायची असते. चाकांखालचे ठोकळे काढून विमान मागे ढकललं जातं तो क्षण म्हणजे 'डिपार्चर', आणि पोचल्यावर ठोकळे पुन्हा चाकाखाली लागतात तो 'अरायव्हल'. या दोन क्षणांमधल्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. तिकिटावरचे दहा तास हेच. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, तिथल्या रांगेत थांबणं, उतरण्यापूर्वी घिरट्या घालणं, सगळं आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी रांग लागते. हीथ्रोला उतरायला गर्दी झाली की विमानं चार ठरलेल्या ठिकाणी, एकावर एक थर लावल्यासारखी, गोल फिरत ठेवतात. खिडकीतून तेच शेत तिसऱ्यांदा दिसलं तर घाबरायचं कारण नाही.

कंपन्या हा सगळा उशीर अंदाजाने धरूनच ब्लॉक टाइम छापतात. म्हणून मुंबईहून अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान लंडनला वेळेवर पोचतं, आणि वेळेवर सुटलेलं कधी कधी वीस मिनिटं आधीही.

घरच्या घरी अंदाज बांधायचा असेल तर माझा आडाखा असा : हवाई अंतराला ८५० ने भागा आणि त्यात लहान पल्ल्याला पाऊण तास, लांब पल्ल्याला एक ते दीड तास मिळवा. मुंबई-नागपूर सुमारे ६८० किलोमीटर. भागाकार ४८ मिनिटं, अधिक पाऊण तास. वेळापत्रकात साधारण दीड तासच सापडेल. मुंबई-दिल्ली १,१४० किलोमीटर, उत्तर दोन तासांच्या थोडं वर. लंडनला साडेआठ अधिक दीड, दहा. परतीच्या वेळी पाठीवरच्या वाऱ्यामुळे त्यातून पाऊण-एक तास वजा करा.

मधला थांबा घ्यावा का?

दुबईमार्गे गेलं तर मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई-लंडन सुमारे ५,५००. बेरीज ७,४३० च्या आसपास. म्हणजे अंतर फक्त सव्वादोनशे किलोमीटर वाढलं. दुबई जवळजवळ वाटेतच आहे. वेळ मात्र अंतराच्या हिशेबात वाढत नाही. तीन-सव्वातीन तासांचं पहिलं विमान, सात-साडेसात तासांचं दुसरं, आणि मधला थांबा दोन तासांपासून आठ तासांपर्यंत कितीही. एकूण साधारण बारा ते एकोणीस तास होतात.

तरीही गुडघे दुखणाऱ्या, दहा तास एका जागी बसवत नाही अशा माणसासाठी मधला थांबा चांगला असतो. माझ्या आईसाठी तो चांगला ठरला असता. पण तिथे टर्मिनल बदलायचं, लांब चालायचं आणि इंग्रजी पाट्या वाचायच्या, याची तिला धास्ती होती, म्हणून आम्ही थेट विमान घेतलं. हा निर्णय तास मोजून होत नाही, माणूस बघून होतो. थांबा घ्यायचाच असेल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर (एकाच पीएनआरवर) असावीत याबद्दल मी हट्टी आहे. वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडली आणि पहिलं विमान चुकलं, तर दुसरी कंपनी तुमची वाट बघत नाही आणि पैसेही परत देत नाही. सामानही बहुधा मध्येच घेऊन पुन्हा द्यावं लागतं, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. एका तिकिटावरसुद्धा दोन तासांपेक्षा कमी थांबा वयस्क माणसांसाठी घेऊ नका. आणि नेमका हाच मुद्दा देशातल्या जोडविमानाला लागू आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणं सुरू झाली आहेत. नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून येणारं विमान नवी मुंबईला उतरणार आणि लंडनचं सहार टर्मिनलवरून सुटणार, असं असेल तर मधे सामानासकट मुंबईची वाहतूक आहे. तिकिटावर मुंबईचा संकेत बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय असा असतो. तीन अक्षरं, पण नीट वाचा. लंडनचंही तसंच. हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी ही सगळी 'लंडन'च म्हणवतात आणि एकमेकांपासून बरीच लांब आहेत.

दारापासून दारापर्यंत

आता खरा तक्ता. विमानाचे दहा तास पाठ झाले तरी आई-बाबांचा दिवस किती तासांचा होता ते बघा.

उड्डाण दुपारी १ वाजता. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोचायचं, म्हणजे सकाळी १०. कोथरूडहून सहारपर्यंत टॅक्सीला साडेतीन-चार तास, घाटात अडकण्यासाठी वर एक तास. म्हणून पहाटे ५ ला घर सोडलं. बॅगा रात्रीच दाराशी. आईने पोळीभाजीचा डबा बांधला होता आणि तो खालापूरला सुटला. विमानात दहा तास. हीथ्रोवर उतरल्यावर बराच वेळ चालायचं, मग पासपोर्टची रांग. भारतीय पासपोर्टला तिथली स्वयंचलित दारं चालत नाहीत, अधिकाऱ्यासमोर उभं राहावं लागतं. रांग अर्ध्या तासाचीही असते, दीड तासाचीही. मग बॅगा. भाऊ न्यायला आला होता, तरी त्याच्या घरी पोचायला लंडनचे रात्रीचे साडेआठ वाजले. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून दोन. पहाटे ५ ते रात्री २, एकवीस तास. त्यातलं विमान निम्म्याहूनही कमी.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रवासाचं नियोजन या एकवीस तासांवर करा. औषधांच्या वेळा, डबा, झोप, पाणी, काळजी घेणाऱ्यांची जागरणं, सगळं एकवीसावर बसवा. रक्तदाबाची, मधुमेहाची औषधं चालू असतील तर निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना हा तक्ता दाखवा आणि कोणती गोळी किंवा इन्सुलिन कोणत्या घड्याळाने घ्यायचं ते लिहून आणा. औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. प्रवासभर मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळेवर ठेवा आणि लंडनच्या घरी पोचल्यावर बदला, म्हणजे मधे गोंधळ होत नाही. विमानात दर दीड-दोन तासांनी उठून चार पावलं चाला. जागा निवडताना वाटेच्या बाजूची घ्या. खिडकीची हौस परतीच्या वाटेवर भागवता येते. लंडनला पोचल्यावर रात्री साडेआठला शरीर दोन वाजल्याचं सांगत असतं, तेव्हा जेवणाचा आग्रह करू नका. थोडा वरणभात आणि झोप. पहिले दोन-तीन दिवस पहाटे तीनलाच जाग येईल. दुपारनंतरच्या उन्हात फिरलं की ती सवय लवकर मोडते.

कुणी न्यायला येणार नसेल तर हीथ्रोहून पॅडिंग्टनला हीथ्रो एक्सप्रेस पंधरा मिनिटांत नेते आणि महाग असते. एलिझाबेथ लाइन अर्ध्या तासात नेते आणि स्वस्त पडते. जुनी पिकॅडिली लाइन मध्य लंडनपर्यंत तासाभराची. दोन मोठ्या बॅगा असतील तर मी एलिझाबेथ लाइन सुचवेन, डबे रुंद आहेत.

उशीर झाला तर : तिथे किलोमीटर, इथे तास

हा भाग फार थोड्या लोकांना माहीत असतो, आणि अंतराचा आकडा पाठ असण्याचा खरा फायदा इथे आहे. ब्रिटनमधून सुटणारं विमान, मग ते कोणत्याही कंपनीचं असो, कंपनीच्या दोषामुळे तीन तासांहून जास्त उशिरा पोचलं तर प्रवाशाला भरपाई मागता येते. रक्कम ठरते गोलावरच्या त्या दोऱ्याच्या अंतरावर : १,५०० किलोमीटरपर्यंत २२० पौंड, ३,५०० पर्यंत ३५०, आणि त्यापुढे ५२०. लंडन-मुंबई ७,२०० चं, म्हणून ५२० ची पायरी लागते. उशीर तीन ते चार तासांच्या मधला असेल तर तिथे निम्मी रक्कम मिळते. मुंबईहून लंडनला जाताना हा कायदा फक्त ब्रिटिश आणि युरोपीय कंपन्यांच्या विमानांना लागू आहे. वादळ, बंद झालेली हवाई हद्द अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही, पण जेवण आणि रात्रीची राहण्याची सोय तेव्हाही मिळायला हवी.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान रद्द होण्याच्या भरपाईसाठी ब्लॉक टाइम धरला आहे. वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर एक तासापर्यंतच्या विमानाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा मूळ भाडं आणि इंधन आकार यांची बेरीज, यातली जी रक्कम कमी असेल ती. इथेही हाताबाहेरची कारणं वगळली आहेत. तेव्हा बोर्डिंग पास फेकू नका. कंपनीचे उशिराचे संदेश जपून ठेवा, आणि पोचल्यावर विमानाचं दार नेमकं किती वाजता उघडलं ते मोबाइलवर फोटो काढून टिपा.

शेवटी, न्यायला येणाऱ्यासाठी. भाऊ पहिल्यांदा मोबाइलवर 'लँडेड' वाचून लगेच घरून निघाला होता आणि दीड तास हीथ्रोच्या पार्किंगचे पैसे भरत बसला. दुसऱ्या वेळी आम्ही ठरवलं : चाकं टेकल्याचं दिसलं की त्याने चहा ठेवायचा. आईने पासपोर्टवर शिक्का बसल्यावर मिस कॉल द्यायचा. आणि मग त्याने गाडीची किल्ली घ्यायची.